थोरली लेन्स, धाकटी लेन्स

"मगासपासून नळी नुसती दाखवतोय गो, त्यातून बघत तर नाय."

महाडच्या एस.टी. स्टँडवर माझ्या पाठीमागच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. मध्ये सुक्या बोंबलांची टोपली. त्यांतली एक दुसरीला हे सांगत होती.

"दर्यावरची दुर्बीण असंल," दुसरी म्हणाली.

"हितं कुठला आलाय दर्या?"

"मग आणलीय कशाला?"

"दाखवायला. सांगत्ये काय मी मगापासून?"

मी वळून पाहिलं नाही. पण मुंबईहून निघाल्यापासून इतकं नेमकं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

नळी दाखवणारे गृहस्थ माझे तात्याकाका, वडिलांचे धाकटे भाऊ. ते एका छायाचित्र मंडळाचे सभासद आहेत. या मंडळात फोटो काढण्यापेक्षा फोटो कसे काढावेत यावर बोलण्याची पद्धत जास्त आहे. पोलादपूरच्या गाडीची वाट पाहताना तात्या स्टँडवरच्या कंडक्टरला, एका शिक्षकाला आणि उसाच्या रसवाल्याला आपल्या हातातली लेन्स समजावून सांगत होते. रसवाल्याला त्यांनी ती उलट्या बाजूनं डोळ्याला लावायला दिली. तो म्हणाला, "लांब गेलं सगळं." तात्या म्हणाले, "बरोबर. तेच तर." काय तेच, ते रसवाल्याला कळलं नाही. मलाही नाही.

ही लेन्स तात्यांची नव्हती. निदान अजून तरी नव्हती.

माझा धाकटा मामा मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं मला कॅमेरा आणून दिला. या खेपेला त्यानं दोन टेलिफोटो लेन्सा आणल्या. टेलिफोटो म्हणजे दूरची वस्तू जवळ आणून दाखवणारी लेन्स. एक चारशे मिलिमीटरची, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब आणि पाट्यावरच्या वरवंट्याएवढी जड. दुसरी एकशे ऐंशीची, आखूड आणि जाडसर. आमच्या घरात त्यांना लगेच थोरली आणि धाकटी अशी नावं पडली. मामानं जेवणाच्या टेबलावर सांगितलं, "यातली एक हिची. कुठली ते हिनंच ठरवायचं. दुसरी तात्यांची." त्याचं जहाज पुढच्या आठवड्यात सुटायचं होतं, आणि त्याआधी हा निर्णय व्हायला हवा होता. हल्ली परदेशी सामान मिळण्याची पंचाईत आहे. या वेळी जी लेन्स हातातून जाईल, ती पुन्हा मिळेल अशी आशा कोणी शहाण्यानं धरू नये.

मी दोन वर्षं खाडीकाठचे पक्षी टिपते आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या साध्या लेन्सनं ते फोटोत मिऱ्याच्या दाण्याएवढे दिसतात. माझ्याकडे अशा मिऱ्यांचा एक आल्बम आहे. तेव्हा माझ्यासाठी ही निवड म्हणजे गंमत नव्हती.

"वापरून निवडावी," तात्या म्हणाले. "पोलादपूरला अण्णासाहेबाकडे नेतो हिला. रान आहे, नदी आहे, जनावरं आहेत. दोन्ही लेन्सा चालवून बघू दे बेबीला." बेबी म्हणजे मी. मी बी.ए. झाले आहे. तात्यांचं बोलणं इतकं न्यायाचं होतं की वडिलांनी लगेच होकार दिला. प्रत्यक्षात निघताना थोरली तात्यांच्या बॅगेत गेली आणि धाकटी माझ्या पिशवीत. "तुझ्या हाताला हीच शोभेल," असं वर सांगून झालं. मी काही बोलले नाही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं. चारचौघांत मराठी बोलायचं तर मी वाक्य आधी मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात.

पोलादपूरची गाडी यायला अवकाश होता, म्हणून आम्ही सावित्रीच्या काठावर गेलो. फाल्गुनात नदी बरीच आटलेली असते. पात्रात खडकांची बेटं उघडी पडतात आणि त्यांवर मगरी ऊन खात पडतात, असं रसवाल्यानं सांगितलं होतं. पलीकडच्या काठावर दोन लांबट काळसर आकार शेजारी शेजारी दिसत होते. तात्यांनी तीन पायांचं तिकाटणं उभं केलं, थोरली आपल्या कॅमेऱ्यावर चढवली आणि डावीकडच्या आकारावर नेम धरला. "अजस्र आहे," ते पुटपुटले. "हलू नकोस बेबी. श्वाससुद्धा जपून घे."

मी धाकटीतून पाहिलं. डावीकडे खडक होता. उजवीकडच्या आकारानं डोळा मिटला आणि उघडला.

तात्यांनी खडकाचे चार फोटो काढले. पाचव्याच्या वेळी उजवीकडची मगर सावकाश पाण्यात सरकली आणि डुबुक असा आवाज झाला. "काय पडलं?" तात्यांनी विचारलं. मी मान हलवली. तात्यांनी खडकाचा आणखी एक फोटो काढला.

पोलादपूर हे घाटांच्या पायाशी बसलेलं गाव आहे. एक रस्ता कशेडीवरून रत्नागिरीकडे जातो, दुसरा आंबेनळीनं महाबळेश्वरकडे चढतो. त्यामुळे बाजारात मुक्कामाला कोणी येत नाही, सगळे कुठे ना कुठे निघालेले असतात. ट्रकचे ड्रायव्हर चहा पितात, रेडिएटरमध्ये पाणी ओततात आणि जातात. आम्ही राहायला आलो आहोत याचं त्यामुळे लोकांना आश्चर्य वाटत होतं.

अण्णासाहेब तात्यांचे कॉलेजातले मित्र. महाडच्या कोर्टात वकिली करतात आणि पोलादपुरात भाताची शेती सांभाळतात. मोठा आवाज, मोठं मन, आणि पाहुण्याला उपाशीच काय, अर्धपोटीसुद्धा घराबाहेर जाऊ द्यायचं नाही ही त्यांच्या घरची पिढीजात शिस्त. त्यांच्या पत्नीला सगळे माई म्हणतात. माईंनी पहिल्याच संध्याकाळी दोन्ही लेन्सा हातात घेऊन पाहिल्या आणि विचारलं, "यातली तुझी कुठली गो?"

मी वाक्य जुळवत होते. तात्या म्हणाले, "धाकटी. थोरली तिला पेलायची नाही, वहिनी. आणि तिला फोकस करायला माणूस मुरलेला लागतो."

"बायकोबद्दल सांगावं तसं सांगतोस," अण्णासाहेब म्हणाले. माईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि आत निघून गेल्या.

अण्णासाहेबांनी बातमी दिली की गावाबाहेर ओढ्याकाठी एक म्हैस मरून पडली आहे आणि गिधाडं आली आहेत. ती रात्री तिथल्याच सावरीच्या झाडावर बसतात. सकाळी जायचं ठरलं. तात्यांनी रात्रीच जाहीर केलं की उजाडायच्या आत निघायचं, कारण सकाळचा प्रकाश कोवळा असतो आणि हवा स्थिर. ही माहिती खरी होती. तात्यांची बहुतेक माहिती खरी असते. ती वापरायची वेळ येते तेव्हा ते दुसरीकडे असतात.

सकाळी आम्ही बूट घालून ओसरीवर आलो तर माई घावन (तांदळाच्या पिठाचं पातळ, जाळीदार धिरडं) घालायला बसल्या होत्या. सोबत नारळाचा गोड रस. "दोन खाऊन जा." तात्या बसले. मी एक खाल्लं आणि उभी राहिले.

"तू हो पुढे बेबी," तात्या तोंडात घास असताना म्हणाले. "थोरली घेऊन जा, तिकाटणं मी आणतो. रामजी वाट दाखवील. मी आलोच."

रामजी अण्णासाहेबांची शेती कसतो. तो पुढे, मी मागे. त्यानं मला माळावर सोडलं, "ती बगा बसल्यात," म्हणून बोट दाखवलं, नाकाला उपरणं लावलं आणि शेताकडे निघून गेला. तात्या कुठे दिसत नव्हते.

मी शेताच्या बांधाआड पालथी झाले. थोरली माझ्या कॅमेऱ्यावर चढवली, शाल गुंडाळून बांधावर ठेवली, तिच्यावर ती टेकवली आणि तात्यांनी मला आजवर एकदाही न करू दिलेली गोष्ट केली: तिच्यातून पाहिलं.

सावर पूर्ण निष्पर्ण होती आणि लाल फुलांनी भरली होती. फांद्याफांद्यांवर गिधाडं बसली होती. थोरलीतून पाहिल्यावर झाड नाहीसं झालं, माळ नाहीसा झाला, फक्त एक गिधाड उरलं. मानेभोवती पिंजलेल्या कापसासारखा गळपट्टा, त्यावर उघडी, सुरकुतलेली मान, आणि डोळा. ते उन्हाची वाट पाहत होतं. ऊन आलं तसं त्यानं दोन्ही पंख उघडले आणि तसेच धरून ठेवले, ओली चादर वाळत घालावी तसे. मग शेजारच्यानं उघडले. मग सगळ्या झाडानं.

थोरलीत उजेड कमी येतो. म्हणून शटर सावकाश ठेवावं लागतं, आणि शटर सावकाश म्हणून हात जरासुद्धा हलून चालत नाही. शिवाय तिचा फोकस इतका पातळ की चोच स्पष्ट दिसली तर पंख धुरकट. आधी ॲपर्चरचं, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाचं, कडं पूर्ण उघडून फोकस करायचा, मग ते मिटवायचं, आणि मग श्वास सोडून बटण दाबायचं. हे सगळं करेपर्यंत चित्र तसंच राहायला हवं. गिधाडं तशीच राहतात. ती आणि मी, आम्हांला कुठे जायचं नव्हतं. त्या वासातसुद्धा मला इतकं बरं वाटत होतं की त्याबद्दल अधिक लिहायला संकोच वाटतो. मी सहा फोटो काढले. सहावा, एक गिधाड जमिनीवर उतरून तोल सावरत चार पावलं धावलं तेव्हाचा.

तात्या आले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. त्यांनी किती घावनं खाल्ली ते मी विचारलं नाही. चाल सांगत होती. माळावरून वाफा निघत होत्या आणि थोरलीतून गिधाडं पाण्याखाली बसल्यासारखी डुलत होती. जितकी लेन्स लांब तितकी मधली तापलेली हवा जास्त दिसते, हे तात्यांनीच मला मुंबईला शिकवलं होतं. आता त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "वा. काय वातावरण आहे." त्या वातावरणाचे त्यांनी पंधरा फोटो काढले. थोरली त्यांच्या गळ्यात गेली ती मग परत आली नाही.

दुपारच्या जेवणात अण्णासाहेबांनी आपली योजना सांगितली. तात्यांना ठाऊक होती, मला नव्हती.

"गिधाडं काय, ती मेल्यासारखीच बसतात," अण्णासाहेब म्हणाले. "तुम्हांला धावतं जनावर देतो. हाकारा लावतो."

हाकारा म्हणजे रान उठवणं. माणसं डबे बडवत, आरडाओरडा करत रानाच्या एका टोकानं शिरतात आणि जनावरं भिऊन दुसऱ्या टोकाला पळतात. तिथे बंदुकीवाले बसलेले असतात. अण्णासाहेबांचे वडील गोऱ्या साहेबांसाठी हाकारा लावत असत. पाहुणा आला की हाकारा, ही त्या घराची समजूत. पाहुण्याच्या हातात बंदूक आहे की कॅमेरा, हा फरक अण्णासाहेबांना किरकोळ वाटत होता. जनावर चित्रात यायचं तर ते आपल्या मनानं आणि आपल्या चालीनं यायला हवं, हे कोणीतरी सांगायला हवं होतं. सांगण्याजोगे तात्या होते. तात्या म्हणाले, "ॲक्शन. मंडळात कोणाकडे नाही."

दुसऱ्या दिवशी आंबेनळीच्या पायथ्याच्या एका वाडीवर माणसं जमली. शिमगा जवळ आला होता, आणि शिमग्याच्या सुमाराला पारध करण्याची तिकडे रीत आहे. त्यामुळे माणसं खुशीत होती. कोयते होते, काठ्या होत्या, रॉकेलचे डबे होते, कुत्रे होते. अण्णासाहेबांनी दगडावर उभं राहून सांगितलं की आज बंदूक नाही, पाहुणे फोटो काढणार आहेत.

काहींनी डबे खाली ठेवले. मग रामजीनं विचारलं, "म्हंजे डुकराला उठवायचा?"

"उठवायचा."

"आणि जाऊ द्यायचा?"

"फोटो काढायचा."

"त्यो काढल्यावर?"

"मग जाईना का तो."

"अण्णासाहेब, बाया वाटण वाटून बसल्यात घरी," रामजी म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती.

"वर्षभर तुमची नाचणी उकरतो ना तो? आज त्याचा फोटो निघतोय असं समजा."

"फोटू बघून लाजंल, पुढल्या साली यायचा नाय," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. एक म्हातारा तेवढा हसला नाही. तो माझ्याजवळून जाताना शेजारच्याला म्हणाला, "एक वेळ शेतात डुक्कर परवडला, पण मुंबईचा पाहुणा नको." आणि मग माझ्याकडे पाहून, "तुला नाय गो बाय."

रामजीनं जागा वाटून दिल्या. तात्यांना सुक्या ओढ्याच्या तोंडाशी, कारण डुक्कर ओढ्यानंच येणार याबद्दल रामजीला जराही शंका नव्हती. मला बाजूला, करवंदीच्या जाळीमागे, अण्णासाहेबांजवळ. म्हणजे जिथे काही येणार नाही अशा ठिकाणी. तात्यांनी तिकाटणं रोवलं आणि ओढ्याच्या वळणावर थोरली रोखली. ते खरोखर भारदस्त दिसत होते. स्टँडवरच्या बाईनं हे पाहायला हवं होतं असं माझ्या मनात आलं.

मी धाकटी कॅमेऱ्यावर चढवली. झाडीत उजेड कमी, पण धाकटीत उजेड भरपूर येतो, शटर जलद ठेवता येतं. दहा-बारा पावलांवर फोकस बांधून ठेवला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मग डोंगराच्या पोटातून आवाज उठला. डबे, शिट्ट्या, कुत्री, आणि माणसांचे असे आवाज की ते माणसांचे आहेत हे आठवून घ्यावं लागत होतं. पहिल्यांदा दोन लांडोरी डोक्यावरून गेल्या. मग एक भेकर (लहान जातीचं हरीण) ओढ्यातून तात्यांच्या समोर आलं. इतकं समोर की तात्यांनी हात लांब केला असता तर त्याला शिवता आलं असतं. थोरली वीस फुटांच्या आतलं काही पाहूच शकत नाही. तात्या तिचं कडं फिरवत राहिले, फिरवत राहिले, आणि भेकर त्यांच्या बगलेतून निघून गेलं. शटरचा आवाज त्यानंतर आला.

डुक्कर ओढ्यानं आलं नाही. ते आमच्या बाजूनं, जाळी फोडून आलं. मला आधी आवाज कळला, मग काळं काहीतरी, मग सुळा. मी कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला आणि बटण दाबलं. एकदाच. अण्णासाहेब झाडाला चिकटले होते. डुक्कर तसंच तात्यांच्या दिशेनं गेलं, तिकाटण्याच्या एका पायाला त्याचं अंग लागलं आणि तिकाटणं आडवं झालं. तात्यांनी मात्र थोरलीला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि तिच्यासकट पाचोळ्यात बसले. हे मान्य केलं पाहिजे: त्यांनी लेन्सला खरचटू दिलं नाही, स्वतःचं कोपर सोलून घेतलं.

हाकाऱ्याची माणसं घामाघूम होऊन बाहेर आली. "गेला?" "गेला." रामजी डुकराच्या वाटेकडे पाहत राहिला. "गेलं जेवण," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी वाडीवर कोणी आम्हांला चहा विचारला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याशिवाय रान उठवलं, बंदूक घेऊन, आणि रीतीप्रमाणे अण्णासाहेबांच्या घरचा वाटा द्रोणात घालून रामजी घेऊन आला. "फोटूवाला न्हवं," तो मला म्हणाला, "दुसरा हाय." तात्यांनी तीनदा वाढून घेतलं आणि सांगितलं की जंगली जनावराचं मांस समजायला जीभ मुरलेली लागते.

परतताना महाडला थांबलो. तिथल्या बाजारात एक फोटो स्टुडिओ आहे. पडद्यावर ताजमहाल, पुढे खुर्ची. तात्यांना मुंबईपर्यंत धीर नव्हता, म्हणून दोन्ही रोल तिथेच धुवायला दिले. आम्ही जेवून आलो तेव्हा फिल्मच्या ओल्या पट्ट्या चिमट्यांना लटकत होत्या आणि स्टुडिओवाला तात्यांच्या पट्टीला भिंग लावून बसला होता.

"हा खडक ना?" त्यानं विचारलं.

"मगर."

"बरं," तो म्हणाला. "आणि हे?"

"भेकर."

"कुठं?"

"तिथून आत्ताच गेलंय," तात्या म्हणाले.

स्टुडिओवाल्यानं हसू येऊ दिलं नाही. धंद्याची सवय असावी. मग त्यानं माझी पट्टी उजेडाकडे धरली आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. डुक्कर होतं. चारही पाय जमिनीपासून सुटलेले, पाचोळा मागे उडालेला, सुळा आणि डोळा लख्ख. कागदावर छापून घेतलं तेव्हा शेजारच्या दुकानातला कापडवाला आणि त्याचं गिऱ्हाईकसुद्धा पाहायला आलं.

"आणि ही गिधाडं," स्टुडिओवाला म्हणाला.

"असली अशुभं कशाला काढलीस, बेबी?" तात्या म्हणाले आणि पट्टीचा तो भाग हातानं झाकून पुन्हा डुकराकडे वळले. मी त्यांच्या बोटांमधून पाहिलं. पिसाला पीस वेगळं होतं. सावरीचं एक फूल गिधाडाच्या पंखाला टेकलं होतं, ते मला माळावर दिसलंच नव्हतं.

तात्या बराच वेळ डुकराकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्या गळ्यातली धाकटी हातात घेतली, पालथी केली, उजेडात धरली. "बघितलंत?" ते कापडवाल्याला म्हणाले. "लेन्स काय काम करते ते? पोरीनं नुसतं बटण दाबलंय. मी पहिल्यापासून म्हणत होतो, हलकी आणि जलद, जाणत्या माणसाची लेन्स ही." कापडवाल्यानं मान डोलावली. तो काय करणार.

मुंबईच्या गाडीत धाकटी तात्यांच्या मांडीवर होती. माणगावपर्यंत त्यांनी तिचे गुण सांगितले. कोलाडला शेजारच्या प्रवाशाला ती दाखवली. नागोठण्याच्या पुढे ते माझ्याकडे वळले आणि मऊ आवाजात म्हणाले, "तुला थोरली आवडली होती ना बेबी? घे तीच तू. मला काही नाही. मी सांभाळून घेईन." मग ते झोपले. थोरली माझ्या पायाशी होती, प्रथमच.

मी खिडकीतून बाहेर पाहत विचार केला. या प्रवासात मी बरंच हसले, मनातल्या मनात; पण मी स्वतः काय केलं होतं? मगर दिसली तेव्हा गप्प. हाकाऱ्याच्या वेळी गप्प. फोटो झाकला तेव्हा गप्प. डुक्कर माझं नव्हतं. वाडीची सगळी माणसं डबे बडवत होती म्हणून ते माझ्यापुढे आलं. माझ्यासाठी पुन्हा कोणी रान उठवणार नाही, आणि उठवू नये. मला मिळणार ती खाडी, चिखल, आणि लांब बसलेले पक्षी, ज्यांना माझी गरज नाही. त्यांच्याजवळ मी जाऊ शकत नाही आणि ते येणार नाहीत. त्यासाठी जड लेन्स लागते, टेकायला बांध लागतो, सकाळची हवा लागते आणि एका घावनावर उठावं लागतं. निवड माळावरच झाली होती.

आता गंमत अशी होती की मी तोंड उघडलं नसतं तरी मला हवं ते मिळत होतं. तात्यांच्या औदार्यानं. यापुढे जन्मभर, मी काढलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या फोटोखाली अदृश्य अक्षरांत ते औदार्य छापलेलं राहिलं असतं. लग्नकार्यात, दिवाळीत, मंडळाच्या सभेत: थोरली मीच दिली बेबीला, मन मोठं केलं. पनवेलपर्यंत मी हे वाक्य त्यांच्या आवाजात ऐकत होते.

घरी मामा आलेला होता. जहाज दोन दिवसांनी सुटणार होतं. आईनं पानं घेतली, वडिलांनी डुकराचा फोटो दिव्याखाली धरून पाहिला. मामानं माझ्याकडे पाहून विचारलं, "मग? कुठली?"

"झालं ठरून," तात्या म्हणाले. त्यांनी धाकटी आपल्या पानाशेजारी ठेवली होती. "थोरली देऊन टाकली मी बेबीला. म्हटलं, पोरीचा जीव आहे तिच्यात, आपण काय, कशावरही भागवू."

"किती करता हो तिच्यासाठी," आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "अगं, अशी बघतेस काय? काकांना थँक्यू म्हण."

मामाचा घास हातातच होता.

"थोरली मी निवडली आहे, आई," मी म्हणाले. "उरली ती तात्यांची."